धुऊन आलेला डबा

माझ्या मेडिकलच्या फ्रीजमागे उंदीर मेलाय, हे मला रस्त्यापलीकडून ओरडून सांगणारी बाई म्हणजे सिंधूकाकू. "ए मेडिकल, तुझ्याकडं काहीतरी मेलंय रं!" असं त्या चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाल्या तेव्हा मला भयंकर राग आला. मधे चाकणजवळचा निघोज्याचा रस्ता, त्यावरून एकामागून एक कंटेनर चाललेले, धूळ, डिझेलचा धूर, आणि पलीकडे त्यांच्या स्वतःच्या खानावळीत कांद्याची फोडणी पडलेली. एवढ्या सगळ्यातून या बाईला माझ्या दुकानातला वास कुठून येणार? मी म्हणालो, "काकू, औषधांचा असेल." त्यावर त्या म्हणाल्या, "औषदाचा आसंल तर नाक कापून दीन तुला." दोन-तीन दिवसांनी तो वास आम्हालाही यायला लागला आणि फ्रीज सरकवावा लागला. काकू पलीकडे कमरेवर हात ठेवून उभ्याच होत्या. मी शेपटीला धरून ऐवज बाहेर आणला, तशा "शी!" म्हणाल्या आणि पदर नाकाला लावून आत गेल्या.

हा "शी" म्हणजे काकूंचा उद्गार नव्हता, तो त्यांचा श्वासच होता. दूध पातळ आलं की शी, फ्लेक्सवर कुणाचा तरी वाढदिवस आला की शी, माझ्या दुकानातला नवीन पोरगा केस रंगवून आला की शी. खानावळीत जेवणारी कंपनीची माणसं त्यांना समोर काकू आणि माघारी शीकाकू म्हणायची. काकूंना ते ठाऊक होतं. "म्हनूंदे की. शी म्हनायला नाक लागतं, ह्यांच्याकडं हाय का?" असं त्या म्हणायच्या.

लग्नाकार्यात त्या जायच्या, आहेर करायच्या, पण पाण्याचा घोटही घ्यायच्या नाहीत. कुणाच्या घरचा चहा नाही, बाहेरचा भजीवडा नाही. एकदा एका कंपनी बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून पिचकारी मारली आणि ती काकूंच्या ओट्यावर पडली. काकू बससमोर जाऊन उभ्या राहिल्या. आत शिफ्टला निघालेली माणसं, मागे हॉर्न, ड्रायव्हर हिंदीत गयावया करतोय. काकूंनी त्याच्या हातात बादली आणि खराटा दिला. त्याने ओटा धुतला, मग काकूंनी वास घेऊन पाहिलं आणि पुन्हा धुवायला लावला. तेव्हाच बस गेली.

त्यांचा स्वयंपाक मात्र असा होता की आजूबाजूच्या रूमवर राहणारे लोक पगाराच्या आधी त्यांचा डबा लावून टाकायचे. आणि गंमत म्हणजे काकू स्वयंपाकाची चव कधी घ्यायच्या नाहीत. देवाला दाखवायच्या आधी जिभेला लावलं की अन्न उष्टं झालं, असं त्यांचं होतं. पातेल्यावर वाकून हुंगायच्यासुद्धा नाहीत, तेही उष्टंच. दारात उभं राहून लांबूनच नाक जरा वर करायच्या आणि म्हणायच्या, "मीठ कमी हाय." मिठाला कुठे वास असतो? पण कमी असायचं. पहिल्या शिफ्टचे डबे पहाटे जायचे, म्हणून डाळ आदल्या संध्याकाळी शिजवून ठेवलेली असायची. सकाळी झाकण काढायच्या, दोन पावलं मागं सरकून वास घ्यायच्या. जरा शंका आली की अख्खं पातेलं उकिरड्यावर. मग नव्यानं डाळ लावायच्या आणि डबे उशिरा जायचे, पण बिघडलेला डबा त्यांच्या दारातून कधी गेला नाही.

त्यांच्या सासरची जमीन कंपन्यांत गेली. मोबदल्यातून दिराने, संपतआप्पाने, गाडी घेतली, मुलीचं लग्न केलं, गावभर स्वतःचे फ्लेक्स लावले, आणि उरलेल्यात मागच्या अंगाला पत्र्याच्या रूमांची लांबलचक रांग उठवली. काकूंचे यजमान आधीच वारलेले. त्यांच्या वाट्याला रस्त्याकडेची एक चिंचोळी पट्टी आली. त्यावर त्यांनी खानावळ काढली आणि एकटीने चालवली. त्यांचा एक शब्द सगळ्यांना माहीत होता, कारण त्या तो नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी ऐकवायच्या: "माझ्या डब्यातलं अन्न ज्या दिशी कुनी टाकून दिलं, त्या दिशी ही चूल बंद." आणि दुसरा नियम, डबा धुऊन परत आला पाहिजे. आलेल्या प्रत्येक डब्याचं झाकण उघडून त्या नाकाशी न्यायच्या. खरकट्याची त्यांना इतकी किळस होती की खरकटं दिसलं तर अंगावर काटा यायचा. मी पाहिलाय तो काटा.

बालाजी नांदेडकडचा. कंपनीत प्रेस शॉपला, पत्रा दाबायच्या मशीनवर होता, तिशीतला, मिशाळ, गावाकडे बायको आणि दोन लेकरं. आला त्या आठवड्यात थकून डबा तसाच खरकटा ठेवून गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीत भुकेने डबा उघडतो तर वरच्या खणात भांड्याच्या साबणाची वडी, खालच्या खणात काथ्या, आणि भाजीच्या वाटीत थोडी राख. अख्खी शिफ्ट हसली. संध्याकाळी हा तणतणत आला. "काकू, माणसं उपाशी ठेवायलाव का?" काकू म्हणाल्या, "उपाशी कुटं? काल तू मला जे वाढलंस, त्येच धुवायचं सामान तुला दिलं." पुढे जाऊन तोच बालाजी डबा एवढा लख्ख करून आणायचा की काकू त्यात पदर नीट करायच्या.

मग ती साथ आली.

त्या काळात मेडिकलच्या काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाने जगाबद्दल चांगलं बोलावं अशी अपेक्षा कुणी करू नये. कंपन्या बंद, रस्ता असा मुका की लांबच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू यावं, आणि माझ्यासमोर रांग. एकाला काढ्याची पूड हवी, एकाला वाफेचं मशीन, एकाला गळ्यात बांधायला कापूर. कुणीतरी व्हॉट्सअॅपवर वाचलेलं औषध मागायचा आणि नाही म्हटलं की मी लपवून ठेवलंय म्हणून भांडायचा. मास्क मागायला आलेला माणूस तोंडावरचा रुमाल खाली करून माझ्याच पायरीवर थुंकायचा. आणि सगळ्यांचा शेवटचा प्रश्न एकच, "कंपनी कधी चालू होणार, राव?" जणू मीच कुलूप लावलंय. मरणाची भीती प्रत्येकाला होती, पण पगार बंद झाल्याची भीती तिच्याहून मोठी होती, आणि ती कुणी तोंडाने बोलून दाखवत नव्हतं. मला त्या दिवसांत सगळ्यांचीच शिसारी यायची. माझीही.

काकूंना लोक म्हणायचे, "आता काय, तुमचंच राज्य आलं!" सगळे हात धुतात, सगळे लांब उभे राहतात, भाज्या मिठाच्या पाण्यात घालतात. काकूंना आनंद व्हायला हवा होता. त्या उलट चिडायच्या. माझ्या शेजारच्या दुकानदाराने रूमवरच्या एका बाईला, ती दवाखान्यात साफसफाईला जाते म्हणून, पीठ द्यायचं नाकारलं. काकू त्याच्या दारात जाऊन म्हणाल्या, "घान धुवायची आसती. मानूस न्हाई धुवून काडायचं." आणि आपल्या घरचं पीठ तिला दिलं. गावी निघून गेलेले गेले. जे मागे अडकले, त्यांचे डबे काकूंनी चालू ठेवले. कसे, ते त्यांनी कुणाला विचारू दिलं नाही.

कंपन्या सुरू झाल्या तेव्हा किळस यावी असं खूप काही नव्यानं सुरू झालं. गेटवर कपाळाला बंदूक लावून ताप मोजायचे. ताप दिसला की घरी. घरी म्हणजे खाडा, आणि कंत्राटी माणसाच्या खाड्याला पगार नसतो. बालाजीच्या सुपरवायझरने माणसांना सांगितलं होतं, "डिस्पॅच अडकलाय. कणकण वाटली तर गोळी खाऊन या, गेटवर काही दिसणार नाही." माणसं पहाटे माझं शटर अर्धं उघडलं की तापाची गोळी मागायला यायची. मी म्हणायचो, झोपून राहा. बालाजीने मला उत्तर दिलं ते अजून कानात आहे. "ताप परवडंल सर, खाडा न्हाई परवडत." त्याच सुपरवायझरच्या केबिनला बाहेर दोरी बांधलेली होती, आत कुणी यायचं नाही म्हणून. हे सांगताना बालाजी हसत होता.

दुसरी लाट आली आणि संपतआप्पाच्या रूमांत एकामागून एक माणूस पडायला लागला. बालाजीही पडला. आप्पाने गल्लीच्या तोंडाला बांबू आडवे बांधले. बाहेर कुणी यायचं नाही. तेवढ्यावर भागलं नाही. रूमांना मिळून एकच नळ होता, आप्पाच्या घराजवळ. त्या नळाला त्याने साखळी घातली. "आमच्या नळाला कुनी हात लावायचा न्हाई," म्हणाला. प्यायला म्हणून एक पिंप बांबूशी भरून ठेवायचा.

काकू त्याच्याशी भांडायला गेल्या, तेव्हा मी माझ्या पायरीवरून ऐकत होतो.

"आप्पा, मान्सं तापानं फनफनल्यात आन तू नळ बंद करतोस?"

"वैनी, तुमाला काय कळतंय? कंपनीला समाजलं की आमच्या रूमांत साथ हाय, तर एक गडी ठिवनार न्हाईत हितं. रूमा रिकाम्या पडल्या तर माजी पोरं काय खातील?"

"आन ही मेली तर?"

"मरत न्हाईत. तरनी हायत."

मला वाटलं आता काकू शी म्हणतील. पण दिराच्या तोंडाकडे बघत राहिल्या आणि परत फिरल्या. आप्पाची भीती खोटी नव्हती, हे मी कबूल करतो. पण भीती खरी असली म्हणजे माणूस घाणेरडा नसतो असं थोडंच आहे.

त्याच दुपारपासून काकू बांबूला डबे अडकवायला लागल्या. मऊ भात, वरण, लिंबाची फोड. संध्याकाळी रिकामे डबे परत बांबूला. आणि ते अर्थात खरकटे. धुणार कुठून? पाणी प्यायलाच पुरत नव्हतं. तो पहिला दिवस मला स्पष्ट आठवतो. ओट्यावर डब्यांची रांग, कडेला वाळलेला भात, कुणाचं निम्मं जेवण तसंच, त्यावर माश्या. काकू डब्यांपुढे उभ्या. मी पलीकडून बघत होतो, ही बाई आता काय करते म्हणून. त्यांनी मग पदर खोचला, पाणी उकळायला ठेवलं आणि घासायला बसल्या. मधे एकदा उठून मोरीत ओकल्या. चूळ भरली, तोंड धुतलं आणि परत येऊन पुढचा डबा हातात घेतला. रोज असंच. ओकून यायच्या आणि घासायच्या. किळस त्यांची गेली नव्हती, एवढं मात्र नीट समजून घ्यायला हवं. लोक नंतर त्यांच्याविषयी बोलताना म्हणायचे की काकूंचं मन मोठं, त्यांना काही वाटेनासं झालं. साफ खोटं. त्यांना सगळं वाटत होतं.

मग बाकीच्यांना किळस यायला लागली. एका कंपनीच्या ऑफिसमधल्या लोकांचे डबे काकूंकडे होते, खानावळीचा निम्मा आधार तोच. त्यांच्यातला एक जण सांगायला आला. गाडीतून उतरला नाही, काच बोटभर खाली केली.

"काकू, तुमच्या जेवणाला तोड नाही. पण तुम्ही त्या पॉझिटिव्ह लोकांचे डबे त्याच मोरीत घासता ना? आमच्या साहेबांना जरा... भीती वाटते."

"उकळत्या पान्यात घासते."

"हो हो, ते बरोबर आहे. पण वाटतं ना माणसाला. सध्या थांबवू."

काच वर गेली. काकू माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाल्या, "मेडिकल, वाळल्याला भात घासला की निघतो रं. ह्यांच्या तोंडाला काय लावून घासावं, हाय का तुज्याकडं काय?" पुढच्या आठवड्याभरात आणखी गिऱ्हाइकं तुटली. बांबूपलीकडची माणसं तेवढी उरली.

ती बरी झाली, सगळी. बांबू निघाले, साखळी निघाली. आणि काकू पडल्या. थोडा ताप, अंगदुखी, फार काही नाही. बालाजी दाराशी पेज ठेवून जायचा. त्या ती प्यायच्या की ओतून द्यायच्या, कुणाला ठाऊक. आठ-दहा दिवसांत उठल्या, सगळी खानावळ सोड्याने धुतली आणि चूल पेटवली. रूमवरच्या माणसांनी झाडून सगळ्यांनी डबे लावले. हळूहळू नवी गिऱ्हाइकंही आली. मला बरं वाटलं.

एक गोष्ट मला तेव्हाच कळायला हवी होती असं आता वाटतं. माझ्या दुकानापुढची गटार तुंबली होती, वास असा की गिऱ्हाईक उभं राहीना. काकू तिच्या कडेने चालत गेल्या आणि मला म्हणाल्या, "बरा हायेस ना?" बस. ना पदर नाकाला, ना शी. मला वाटलं, आजारपणाने बाई मऊ झाली.

उन्हाळा तापला तशी रूमवरची पोरं पोटाच्या गोळ्या आणि साखर-मिठाच्या पुड्या मागायला येऊ लागली. मी म्हणालो, पाणी खराब असेल. मग एका दुपारी मी मागच्या दाराने बाहेर आलो तर बालाजी गटारीपाशी उकिडवा बसलेला. डबा उपडा करत होता. आमटी, भात, भाजी, सगळं. त्याने खिशातून साबणाचा तुकडा काढला आणि बाटलीतल्या पाण्याने डबा घासायला लागला.

"काय रे हे?"

तो दचकला. मग हळूच म्हणाला, "आमटी आंबलेली हाय, सर."

"मग काकूंना सांग की."

"काकूचं नाक गेलंय."

मीही उकिडवा बसलो. तो म्हणाला, "आजारातनं उठल्यापासून वासच न्हाई त्यास्नी. कुणाला बोलल्या न्हाईत. पोटं बिघडल्यावर आमालाच कळलं. उन्हानं डाळ रातच्यातच जायलीय, त्यांना समजंना. रोज न्हाई, चार दिसाआड एकदा."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"सांगितलं तर चूल बंद करंल की म्हातारी. शब्द हाय ना तिचा. आमी समदे हिकडं येऊन टाकतो आन डबा धुऊन नेतो. धुतलेला डबा दिसला की खूश आसती. तुमी सांगू नका सर, पाया पडतो."

त्या दुपारी मला जो संताप आला तो कुणावर काढावा हे कळेना. अख्ख्या गावात एकच नाक होतं ज्याचा लोकांना उपयोग होता, तेवढं गेलं. आप्पाचं शाबूत. काचेमागच्या साहेबाचं शाबूत. सुपरवायझरचं शाबूत, आणि तो तर आता बढती मिळून चाकणच्या दुसऱ्या प्लांटला गेला होता. ज्यांना कशाचीही घाण येत नव्हती त्या सगळ्यांची नाकं जागच्या जागी होती.

हे फार दिवस चालणं शक्य नव्हतं. बिहारकडचा एक नवा माणूस रूमवर आला होता. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं. त्याने डबा उघडला, तोंड वाकडं केलं, झाकण लावलं आणि संध्याकाळी जसाच्या तसा भरलेला डबा ओट्यावर ठेवून गेला.

काकू माझ्या दुकानात कधी यायच्या नाहीत, औषधांच्या वासाने मळमळायचं त्यांना. त्या दिवशी रस्ता ओलांडून सरळ काउंटरशी आल्या. हातात तो डबा. झाकण काढून माझ्यापुढे धरला. आमटीवर फेस आला होता.

"वास घे."

मी काही बोलायच्या आधी माझा चेहरा बोलून गेला. आंबट, कुबट भपका आला होता, मी मागे झालो.

"तोंड वाकडं करू नगं. तोंडानं सांग."

"आंबलीय काकू."

त्यांनी डबा स्वतःच्या नाकाशी नेला. पातेल्यावर कधी न वाकलेली बाई, त्या डब्यात नाक घालून जोरजोरात श्वास ओढत होती. मग झाकण लावलं. "बालाजीला बोलीव," म्हणाल्या.

तो आला, दारात उभा राहिला.

"टाकून देत व्हता?"

"व्हय काकू."

"किती दिस?"

"उन्हाळा लागल्यापासून."

"आन डबं धुऊन आनत व्हता."

"व्हय."

"आन मी म्हनत व्हते, पोरांना वळन लागलं." काकू म्हणाल्या. मग कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून तो शब्द आला. "शी!" पण तो कुणाला उद्देशून होता हे त्यांच्याकडे बघून लगेच कळत होतं. त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या.

बालाजी रडकुंडीला आला होता. "काकू, मी येतो की रोज सकाळी. मी डाळीचा वास घीन, मग फोडणी घाला."

"माज्या पातेल्यावर दुसऱ्याचं नाक? उष्टं वाडू लोकास्नी?"

"कुणाला कळतंय?"

"मला." एवढं म्हणून त्या रस्ता ओलांडून गेल्या. अंधार पडायच्या आत पातेली घासून पालथी घातलेली होती आणि चुलीवर पाणी ओतलेलं होतं. गॅसच्या दोन शेगड्याही होत्या, पण पाणी त्यांनी चुलीवरच ओतलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टची माणसं उपाशी कामावर गेली. काकूंनी दार उघडलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी संपतआप्पाचा सत्कार झाला. साथीच्या काळात मजुरांना आसरा दिला म्हणून, कोरोना योद्धा. चौकात मोठा फ्लेक्स, आप्पा हात जोडून हसतोय, मागे ढग. शाल, श्रीफळ, स्पीकर. त्याच रूमवरच्या माणसांना खुर्च्यांवर बसवलेलं, आणि ती टाळ्या वाजवत होती, कारण तिथेच राहायचं होतं. आप्पाला स्वतःलाही कुठेतरी खुपत असावं, कारण तो आदल्या दिवशी काकूंना बोलवायला आला होता. "वैनी, तुमचाबी सत्कार ठिवलाय. स्टेजवर या." काकूंनी त्याला ओट्यावर चढू दिलं नाही. "न्हाई येत," म्हणाल्या आणि खराटा घेऊन ओटा झाडायला लागल्या. तो उभा होता तिथपर्यंत झाडत गेल्या, तेव्हा तो उतरून गेला. तो फ्लेक्स पुढे वर्षभर चौकात होता. मी येताजाता तोंड फिरवायचो. ओकारी यायची मला, आणि अजून येते.

काकूंनी खानावळीची जागा एका मोबाईलवाल्याला दिली आणि मागच्या खोलीत राहायला लागल्या. दुपारी पुढच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायच्या. कंटेनर जायचे, धूळ उडायची, माणसं थुंकायची. त्या बघत बसायच्या.

मी मेडिकल पिंपळे गुरवला, घराजवळ हलवलं. शेवटचा माल टेम्पोत चढवून काकूंचा निरोप घ्यायला गेलो तो रविवार होता. बालाजीचं कुटुंब तोवर गावाकडून चाकणला आलं होतं. तो हातात डबा घेऊन काकूंकडे आला, रविवारी येतोच म्हणे. ओट्यावर बसून त्याने एकेक खण उघडला.

"काय हाय?"

"वांग्याची भाजी. बायकोनं केलीय."

"वास कसा येतोय?"

"चांगला हाय. जरा करपलीय."

"शी!" काकू म्हणाल्या, आणि भाकरीचा तुकडा मोडून खाल्ला. दुसऱ्याच्या घरचा घास त्यांच्या तोंडात जाताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. चव लागत नव्हती त्यांना, ते चावण्यावरून दिसत होतं. पण सगळं संपवलं.

मग त्या डबा घेऊन मोरीवर गेल्या. बालाजी "राहू द्या, राहू द्या" म्हणत मागे गेला, त्यांनी ऐकलं नाही. घासला, दोनदा खळबळला, उन्हात धरून बघितला. आणि जुन्या सवयीने नाकाशी नेला. तिथेच थांबल्या. क्षणभराने हात लांब करून डबा बालाजीच्या नाकाशी धरला.

"बघ रं. ऱ्हायलाय का काय?"

बालाजीने डोळे मिटून वास घेतला. चांगला सावकाश घेतला.

"न्हाई काकू. साबणाचा येतोय."

"मग घेऊन जा," काकू म्हणाल्या आणि झाकण लावून डबा त्याच्या हातात दिला.